लॅपटॉपचा आवाज गेला : ड्रायव्हर शोधण्याआधी चिप ओळखा

जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज टाकली आणि आवाज बंद पडला, अशी बरीच पत्रे आली आहेत. म्हणून या अंकात फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. ड्रायव्हर म्हणजे एखादी चिप कशी चालवायची ते विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. आज्ञा आणि चिपचे क्रमांक इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे. चिपच्या क्रमांकांत ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरेच येतात. त्यात 'ओ' हे अक्षर कधीच नसते, जे दिसते ते शून्यच असते.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१३ सालचा आहे. त्यात मूळ विंडोज ८ होती. दुकानातून फॉरमॅट करून विंडोज १० टाकून आणली, तेव्हापासून घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली आहे आणि 'नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड' असे दिसते. नेटवरून रिअलटेकचे म्हणून तीन ड्रायव्हर उतरवले. एक इन्स्टॉल झाला, दोन अर्ध्यावर थांबले. आवाज नाहीच. नेमका कोणता ड्रायव्हर टाकू?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमच्या लॅपटॉपमध्ये रिअलटेकचीच चिप आहे हे कशावरून ठरवले, ते पत्रात नाही. गोम तिथेच आहे. रिअलटेकची चिप खूप लॅपटॉपमध्ये असते हे खरे, पण सगळ्यांत नसते; आणि असली तरी तिचे प्रकार अनेक आहेत.

लॅपटॉपचा आवाज दोन भागांवर चालतो. पहिला कंट्रोलर. तो चिपसेटमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरचे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपमध्येच असतो आणि बहुधा इंटेलचा नाहीतर एएमडीचा असतो. मेमरीतले ध्वनीचे आकडे उचलून पुढे पोचवणे हे त्याचे काम. दुसरा भाग कोडेक. मदरबोर्डवरची ही नखाएवढी चौकोनी चिप त्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करते, आणि माइककडून येणाऱ्या लहरींचे पुन्हा आकडे करते. रिअलटेक, कोनेक्संट, आयडीटी ही नावे कोडेक बनवणाऱ्यांची आहेत. इंटेलने २००४ साली 'हाय डेफिनिशन ऑडिओ' ही पद्धत आणली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळे लॅपटॉप तिच्यावर आले. तुमचाही त्यातलाच असणार. या पद्धतीत कोडेक हा कंट्रोलरच्या मागे जोडलेला असतो. कंट्रोलर सुरू झाला नाही तर विंडोजला कोडेक दिसतच नाही, आणि मग कोडेकचा कितीही बरोबर ड्रायव्हर चालवला तरी तो 'डिव्हाइस सापडले नाही' म्हणून थांबतो. तुमचे दोन ड्रायव्हर अर्ध्यावर थांबले त्याचे कारण हेच असू शकते.

आता पाहायचे असे. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, चौकटीत 'डीइव्हीएमजीएमटी.एमएससी' टाइप करून एंटर दाबा. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. त्यात तीन जागा पाहा : 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स', 'अदर डिव्हायसेस' आणि 'सिस्टिम डिव्हायसेस'. तिसऱ्या जागेकडे फारसे कोणी बघत नाही, पण 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' तिथेच असतो. तो असेल आणि त्यावर पिवळे चिन्ह नसेल, तर पहिला भाग ठीक आहे. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, वेगळा शोधावा लागत नाही. त्यावर पिवळे चिन्ह असेल किंवा 'अदर डिव्हायसेस'मध्ये नुसते 'पीसीआय डिव्हाइस' दिसत असेल, तर आधी लॅपटॉप कंपनीच्या पानावरून चिपसेटचा ड्रायव्हर टाका, मशीन पुन्हा सुरू करा आणि मगच आवाजाकडे वळा.

कंट्रोलर कुठेच नसेल, तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरा. बोर्डावर साठलेला भार उतरला की अडकून बसलेला कोडेक पुष्कळदा जागा होतो. नंतर सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा : डेल आणि एसरमध्ये साधारणपणे एफ-२, एचपीमध्ये एफ-१०, लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये एफ-१. तिथे ऑडिओ 'डिसेबल्ड' नाही ना, ते पाहा. फॉरमॅटच्या वेळी बायोस मूळ स्थितीत आणताना अशा गोष्टी बदललेल्या असू शकतात.

कंट्रोलर ठीक असेल तर कोडेकचा क्रमांक वाचा. ध्वनीच्या नोंदीवर उजवे क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. सर्वांत वरची, सर्वांत लांब ओळ घ्या. ती अशी काहीतरी दिसते :

एचडीऑडिओ\फंक_०१&व्हेन_१०ईसी&डेव्ह_०२६९&सबसिस_१७एए२१एफ३

'फंक_०१' म्हणजे ध्वनी. इथे ०२ असेल तर ते मोडेम आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये टेलिफोनचे मोडेमही याच मार्गावर जोडलेले असे, आणि त्याच्या पिवळ्या चिन्हाला आवाजाचा दोष समजून तासन्‌तास वाया जातात. 'व्हेन' म्हणजे चिप बनवणारा : १०ईसी रिअलटेक, १४एफ१ कोनेक्संट, १११डी आयडीटी, ८३८४ सिग्माटेल, ११डी४ ॲनालॉग डिव्हायसेस, ११०६ व्हिया, १०१३ सिरस लॉजिक. सिग्माटेलचा हा व्यवसाय २००६ मध्ये आयडीटीकडे गेला, म्हणून त्या चिपचे ड्रायव्हर आयडीटीच्या नावानेही सापडतात. ८०८६ इंटेल, १००२ एएमडी किंवा १०डीई एनव्हिडिया दिसले, तर तो एचडीएमआयच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या वायरीतून जाणाऱ्या, आवाजाचा भाग आहे, लॅपटॉपच्या स्पीकरचा नाही. 'डेव्ह' हा चिपचा प्रकार. ०२६९ म्हणजे एएलसी२६९.

'सबसिस' हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत कामाचा. त्यातले पहिले चार आकडे लॅपटॉप बनवणाऱ्याचे असतात : १७एए लेनोवो, १०३सी एचपी, १०२८ डेल, १०४३ असूस, १०२५ एसर, ११७९ तोशिबा, १०४डी सोनी. पुढचे चार विशिष्ट मॉडेलचे. एकच एएलसी२६९ दोन कंपन्या दोन तऱ्हेने जोडतात : एकीने स्पीकर एका पायावर दिलेले असतात, दुसरीने दुसऱ्या, माइक कुठे डिजिटल, कुठे साधा. ही जोडणी कंपनीचा ड्रायव्हर 'सबसिस'वरून ओळखतो. 'सगळ्या लॅपटॉपचे ड्रायव्हर एकाच ठिकाणी' म्हणून फिरणारे संच बहुधा 'व्हेन' आणि 'डेव्ह' जुळले की ड्रायव्हर बसवून मोकळे होतात. मग ड्रायव्हर 'इन्स्टॉल' झालेला दिसतो, हिरवी पट्टी हलतानाही दिसते आणि स्पीकर मुके राहतात. अशा संचांबरोबर नको ती सॉफ्टवेअरही आत येतात. ते वापरू नका, असे आम्ही निक्षून सांगतो.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी चुकीचा ड्रायव्हर काढा : नोंदीवर उजवे क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर' या चौकटीत खूण. ही खूण केली नाही तर विंडोज तोच ड्रायव्हर पुन्हा बसवते. खूण करायची चौकटच दिसली नाही, तर तिथे विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर आहे असे समजा. पुन्हा सुरू केल्यावर 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक' या वाटेने जाऊन 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर. बहुतेक लॅपटॉपवर आवाज इथेच परत येतो. शिकवण्याचे व्हिडिओ, गाणी आणि व्हिडिओ कॉल एवढेच काम असेल तर इथे थांबायला हरकत नाही. फक्त काही मॉडेलमध्ये स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जागे करण्याचा संकेत कंपनीचाच ड्रायव्हर देतो. तिथे हेडफोनमधून आवाज येईल, स्पीकरमधून येणार नाही.

तसे झाले तर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्टच्या पानावर आपला सीरियल नंबर टाकून ड्रायव्हर घ्या. विंडोज १० चा नसेल तर ८.१ चा, तोही नसेल तर ७ चा चालतो. एक्सपीचा चालणार नाही, कारण विस्टापासून विंडोजची ध्वनिरचना मुळातून बदलली. ३२ बिट की ६४ बिट हे 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट'मध्ये पाहून तेच घ्या. सेटअप 'ही विंडोज चालणार नाही' म्हणून अडला तर ती फाइल सेव्हन-झिप या फाइली उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने उलगडा. एचपीच्या फाइली 'सी'मधल्या 'एसडब्ल्यूसेटअप' फोल्डरमध्ये, थिंकपॅडच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरमध्ये आपोआप उलगडतात. आतली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या चिपसाठी आहे ते तिच्यात लिहिलेले असते) नोटपॅडमध्ये उघडा आणि कंट्रोल-एफ दाबून आपला 'डेव्ह' आणि 'सबसिस' शोधा. दोन्ही एका ओळीत सापडले तर ड्रायव्हर तुमचाच. मग 'लेट मी पिक', 'हॅव डिस्क' करून ती आयएनएफ दाखवा. सापडले नाही तर तो ड्रायव्हर तिथेच सोडा. ही दोन मिनिटांची तपासणी तुमचे ते तीनही प्रयत्न वाचवू शकली असती.

पिवळे चिन्ह राहिलेच तर 'प्रॉपर्टीज'मधला कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच. १० म्हणजे ड्रायव्हर बसला पण डिव्हाइस सुरू होत नाही, बहुधा चुकीच्या जोडणीचा ड्रायव्हर. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल बिघडलेली किंवा गायब. ५२ म्हणजे डिजिटल सही नाही. आयएनएफमध्ये कोणी हाताने बदल केला असेल तर ६४ बिट विंडोज हा कोड देते.

आणखी एक. दुकानदाराने डिस्क न पुसता विंडोज टाकली असेल तर 'सी'मध्ये 'विंडोज.ओल्ड' फोल्डर असेल. त्यातल्या 'विंडोज', 'सिस्टिम३२', 'ड्रायव्हरस्टोअर', 'फाइलरिपॉझिटरी' या फोल्डरमध्ये तुमचा जुना, चालू असलेला ड्रायव्हर पडलेला असतो. 'अपडेट ड्रायव्हर'ला तो फोल्डर दाखवा आणि 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर खूण ठेवा. मात्र घाई करा, हा फोल्डर विंडोज काही दिवसांनी स्वतःच पुसू शकते.

प्रश्न : लॅपटॉपखालचे लेबल झिजून गेले आहे. मॉडेलच माहीत नाही, तर ड्रायव्हर कुठून शोधू?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : लेबलवरचे बरेचसे बायोसमध्येही लिहिलेले असते. विंडोज-आर दाबून 'एमएसइन्फो३२' चालवा. 'सिस्टिम मॉडेल', 'सिस्टिम एसकेयू' आणि 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या तीन ओळी कागदावर उतरवा. लेनोवोमध्ये मॉडेलच्या जागी नावाऐवजी आकडे-अक्षरांचा सांकेतिक प्रकार दिसतो. तो तसाच त्यांच्या पानावर टाकला तरी चालतो. एचपीच्या प्रॉडक्ट क्रमांकाच्या शेवटी 'एसीजे' असेल तर मशीन भारतासाठी बनलेले.

सीरियल नंबरसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डब्ल्यूएमआयसी बायोस गेट सीरियलनंबर' असे टाइप करा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ही आज्ञा आपोआप मिळत नाही. तिथे पॉवरशेलमध्ये 'गेट-सीआयएमइन्स्टन्स विन३२_बायोस' चालवा. डेलमध्ये जो सात अक्षरी क्रमांक येतो तोच सर्व्हिस टॅग, म्हणजे डेलचा सीरियल नंबर.

उत्तरात 'टू बी फिल्ड बाय ओईएम' किंवा 'डीफॉल्ट स्ट्रिंग' आले, तर त्या बोर्डात नंबर भरलेलाच नाही. मदरबोर्ड बदलल्यावर बरेचदा असे होते. मग बॅटरीखाली किंवा रॅमच्या झाकणाखाली दुसरे लेबल आहे का पाहा. तेही नसेल तर वरच्या उत्तरात सांगितलेला हार्डवेअर आयडी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगच्या शोधचौकटीत 'डेव्ह'च्या क्रमांकापर्यंत टाका. तिथून कॅब प्रकारची फाइल मिळते. ती सेव्हन-झिपने उलगडून आयएनएफ दाखवायची.

प्रश्न : चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा लॅपटॉप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' आहे, पिवळे चिन्ह कुठेच नाही. टीव्हीला जोडला की टीव्हीतून आवाज येतो, लॅपटॉपमधून नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' हा फक्त टीव्हीचा आवाज आहे. तुमच्या स्पीकरचा कोडेक यादीत नाहीच, आणि जे नाही त्यावर पिवळे चिन्ह कसे येणार?

चौथ्या पिढीत, म्हणजे २०१३ पासून, इंटेलने एचडीएमआयच्या आवाजाला स्वतंत्र कंट्रोलर दिला. त्याआधीच्या पिढीत एकाच कंट्रोलरमागे दोन्ही कोडेक असत. म्हणून तुमच्या 'सिस्टिम डिव्हायसेस'मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' दोनदा दिसला पाहिजे. एकदाच दिसत असेल तर त्याचा हार्डवेअर आयडी वाचा. लॅपटॉपसाठीच्या कमी विजेच्या प्रोसेसरांत 'डेव्ह_०ए०सी' हा एचडीएमआयचा आणि 'डेव्ह_९सी२०' हा स्पीकरचा. दुसरा गायब असेल तर पहिल्या उत्तरातले तीस सेकंदांचे बटण आणि बायोसची तपासणी करा. या स्थितीत ड्रायव्हर बदलून उपयोग नाही.

दोन्ही असतील, कोडेकही दिसत असेल आणि तरी आवाज टीव्हीलाच जात असेल, तर काम सोपे आहे. विंडोज-आर, 'एमएमसिस.सीपीएल', मोकळ्या जागी उजवे क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'. 'स्पीकर्स' फिकट दिसतील. 'एनेबल' करून 'सेट डीफॉल्ट' करा.

प्रश्न : हेडफोन लावला तर स्वच्छ आवाज. काढला की स्पीकरमधून काही नाही. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बदलू नका. हेडफोनमधून आवाज येतो म्हणजे कंट्रोलर, कोडेक आणि ड्रायव्हर यांतला मुख्य भाग चालू आहे. दोष जॅकमध्ये, स्पीकरच्या वायरीत, स्पीकरमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे, आणि पहिल्या तीन गोष्टी थोडक्या खर्चात सुटतात.

जॅकच्या आत पातळ पत्रीचा एक स्विच असतो. पिन आत गेली की तो हलतो आणि कोडेकला कळते की हेडफोन आला, स्पीकर बंद करा. धूळ, गंज किंवा वाकलेली पत्री यामुळे तो स्विच दबलेलाच राहतो. पिन दहा-बारा वेळा जोमाने आत-बाहेर करा. स्पीकर क्षणभर जरी बोलला तरी दोषी जॅकच. मशीन बंद करून, बॅटरी काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापूस टूथपिकवर घट्ट गुंडाळून जॅक आतून पुसा. कापसाचा धागा आत राहू देऊ नका. अर्धा तास वाळू द्या. गंज काढायचे तेलकट फवारे इथे मारू नयेत. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात दोष दुप्पट होतो. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, जॅकचा गंज हा नेहमीचा आजार आहे.

जॅक स्वच्छ करूनही फरक नसेल तर खालचे झाकण उघडा. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्पीकरच्या बारीक वायरी बहुधा चार पिनांच्या एका कनेक्टरला येतात. कीबोर्ड बदलताना किंवा पंखा साफ करताना तो अर्धवट निघालेला सापडतो. नखाने दाबून बसवा. वायर बिजागरीजवळून जात असेल तर तिथे चिरडली आहे का पाहा.

मग मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांवर लावा. लॅपटॉपचे स्पीकर साधारणपणे ४ किंवा ८ ओहमचे असतात. मीटर त्याच्या आसपास दाखवेल. मीटरच्या वायरींचाच ०.३ ते ०.५ ओहम असतो, तो आधी दोन टोके एकमेकांना लावून मोजा आणि वजा करा. मीटरवर काहीच रीडिंग आले नाही, नुसता १ किंवा 'ओएल' दिसला, तर स्पीकरची कॉइल तुटली. मीटर नसेल तर भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल कनेक्टर सुटा करून स्पीकरच्या टोकांना फक्त क्षणभर टेकवा. 'टक्क' असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. सेल धरून ठेवू नका, कॉइल जळते.

दोन्ही स्पीकर एकदम मुके आणि दोन्हींचे ओहम बरोबर असतील, तर राहिला ॲम्प्लिफायर. आधी कंपनीचा ड्रायव्हर टाकून पाहा, कारण पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे त्याला जागे करणारा संकेत ड्रायव्हरकडून येतो. त्यानेही झाले नाही तर काही शे रुपयांचे यूएसबी साउंड कार्ड आणि बाहेरचे स्पीकर. अशा साध्या कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

प्रश्न : कंपनीचा ड्रायव्हर टाकला की आवाज येतो, पण दोन-चार दिवसांत विंडोज अपडेट दुसराच ड्रायव्हर बसवते आणि आवाज तडतडतो.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : डिव्हाइसच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर', मग 'रोल बॅक ड्रायव्हर'. नंतर विंडोज-आर, 'सिसडीएम.सीपीएल', 'हार्डवेअर', 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' आणि तिथे 'नो'. चालणारा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जपून ठेवा. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डिसम /ऑनलाइन /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर /डेस्टिनेशन:' आणि पुढे फोल्डरचे नाव द्या. फोल्डर आधी तयार केलेला हवा. विंडोजबरोबर न आलेले सगळे ड्रायव्हर त्यात उतरतात, वायफायचाही. फॉरमॅटला देण्याआधी प्रत्येकाने एवढे करावेच.

बरोबर ड्रायव्हर असूनही तडतड राहिली तर स्पीकरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'एन्हान्समेंट्स' सगळी बंद करा आणि 'ॲडव्हान्स्ड'मध्ये १६ बिट, ४८००० हर्ट्झ निवडा. वायफाय बंद केल्यावर तडतड थांबत असेल तर दोषी वायफायचा ड्रायव्हर आहे. तो प्रोसेसरला अडवून धरतो आणि ध्वनीचे आकडे वेळेत पोचत नाहीत.

प्रश्न : विंडोज १० चे अपडेट थांबल्यामुळे जुन्या थिंकपॅडवर लिनक्स मिंट टाकले. आवाजाच्या जागी 'डमी आउटपुट' दिसते.
– एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनसाठी हा मार्ग चांगलाच आहे. लिनक्समध्ये ध्वनीचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, वेगळे उतरवायचे नसतात. 'डमी आउटपुट' म्हणजे आवाज पोचवायला खरे कार्ड सापडलेले नाही.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा आणि 'ऑडिओ' शब्दाची ओळ शोधा. चौकटी कंसात ०४०३ असेल तर हाय डेफिनिशन ऑडिओ. शेजारी कंट्रोलरचा क्रमांक असतो, त्यावरून इंटेलचा चिपसेट कळतो : ८०८६:२९३ई म्हणजे आयसीएच९, ८०८६:१सी२० म्हणजे ६ मालिका, ८०८६:१ई२० म्हणजे ७ मालिका. खालच्या ओळींत 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज : एसएनडी_एचडीए_इंटेल' हवे. ते नसेल तर 'सुडो डीएमईएसजी' चालवून 'एसएनडी' आणि 'एचडीए' असलेल्या ओळींत काय चूक लिहिली आहे ते वाचा. मग 'एप्ले -एल' चालवा. त्यात कार्ड दिसले पाहिजे. कोडेकचे नाव '/प्रॉक/एसाउंड/कार्ड०/कोडेक#०' या फाइलच्या पहिल्या ओळीत मिळते. थिंकपॅड टी-४३० मध्ये कागदावर एएलसी३२०२ असते आणि लिनक्स त्याला एएलसी२६९व्हीसी म्हणते. दोन्ही एकच, गोंधळू नका.

कार्ड दिसते पण आवाज नाही, असे असेल तर 'अल्सामिक्सर' उघडा. एफ-६ दाबून खरे कार्ड निवडा. ज्या दांडीखाली 'एमएम' आहे ती बंद आहे. बाणाने तिच्यावर जाऊन एम दाबा, 'ओओ' होईल. 'मास्टर', 'स्पीकर' आणि 'पीसीएम' तिन्ही पाहा. 'ऑटो-म्यूट मोड' असेल तर 'डिसेबल्ड' करून बघा. त्याने स्पीकर बोलला तर जॅकचा स्विच अडकलेला आहे, नाशिकच्या वाचकांचे उत्तर वाचा. शेवटी 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' चालवा, म्हणजे हे बदल टिकतात. टी-६१ च्या काळातल्या थिंकपॅडमध्ये आवाज बंदची कळ सॉफ्टवेअरच्या बाहेर, थेट हार्डवेअरमध्ये काम करते. पडद्यावर सगळे सुरू दिसत असेल तरी आवाज वाढवायची कळ एकदा दाबा.

आवाज सुरू होताना दरवेळी 'टप्प' होत असेल तर '/इटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये 'ऑडिओ.कॉन्फ' फाइल करून एकच ओळ लिहा : 'ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल पॉवर_सेव्ह=०'. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल.

प्रश्न : दहा इंची, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवणीचा ॲटम प्रोसेसरचा लॅपटॉप. फॉरमॅटनंतर आवाज गेला. तुमच्या पद्धतीने 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' शोधला, तो नाहीच.
– एक पालक, लातूर

उत्तर : असणारही नाही. या छोट्या ॲटम मशीनमध्ये मोबाइलच्या धर्तीची रचना असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'इंटेल एसएसटी ऑडिओ डिव्हाइस' हवे आणि कोडेकचा आयडी 'एचडीऑडिओ'ने नव्हे, 'एसीपीआय'ने सुरू होतो, जसे 'एसीपीआय\१०ईसी५६४०' म्हणजे रिअलटेकचा, 'एसीपीआय\ईएसएसएक्स८३१६' म्हणजे एव्हरेस्टचा (या प्रकारच्या आयडीत ए ते एफच्या पलीकडचीही अक्षरे येतात). मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर इथे चालत नाही. एसएसटी आणि कोडेक, दोन्हींचे ड्रायव्हर लागतात आणि ते त्याच मॉडेलचे हवेत, कारण स्पीकरची जोडणी कोडेकच्या ड्रायव्हरसोबतच्या फाइलीत लिहिलेली असते. यातली बरीच मशीन ३२ बिटची आहेत, ते आधी तपासा. शेजारी, शाळेत किंवा नात्यात हेच मॉडेल न फॉरमॅट केलेले असेल तर त्यावरून वर दिलेल्या 'डिसम'च्या आज्ञेने ड्रायव्हर काढून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

प्रश्न : जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरसाठी एक लॅपटॉप एक्सपीवरच ठेवला आहे. त्यात ध्वनीचा ड्रायव्हर बसत नाही.
– एक डीटीपी ऑपरेटर, कोल्हापूर

उत्तर : एक्सपीला सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहेत, म्हणून हे मशीन नेटला जोडू नका, ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. एक्सपी हाय डेफिनिशन ऑडिओच्या आधीची आहे, त्यामुळे कंट्रोलरचा ड्रायव्हरही वेगळा टाकावा लागतो. त्याचे नाव 'मायक्रोसॉफ्ट यूएए बस ड्रायव्हर', अपडेटचा क्रमांक केबी८८८१११. तो आधी, कोडेकचा नंतर. सर्व्हिस पॅक ३ असेल तर हे अपडेट 'सिस्टिम यापेक्षा नवी आहे' म्हणून थांबते. तेव्हा ते सेव्हन-झिपने उलगडा आणि 'अदर डिव्हायसेस'मधल्या 'पीसीआय डिव्हाइस'ला आतली 'एचडीऑडबस.आयएनएफ' हाताने दाखवा. मशीन पुन्हा सुरू केल्यावर 'ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस' असे नवे नाव दिसेल. तो कोडेक.

लॅपटॉप २००४ च्याही आधीचा असेल तर त्यात एसी९७ ही जुनी पद्धत असते, आयडी 'पीसीआय\व्हेन_८०८६&डेव्ह_२४सी५' असा काहीसा. तिथे विंडोजला कोडेक वेगळा दिसत नाही. ओळखीची एकच खूण राहते, 'सबसिस'. पण इथे क्रम उलटा आहे : 'पीसीआय'ने सुरू होणाऱ्या आयडीत लॅपटॉप कंपनीचे चार आकडे शेवटी येतात, पहिले चार मॉडेलचे. ते आठही आकडे कंपनीच्या ड्रायव्हरच्या आयएनएफमध्ये शोधा.